जुना कृष्णधवल फोटो विकत घेताय? या चुका टाळा

‘हा ओरिजिनल आहे का हो?’ असं विचारणारे बहुतेक लोक मला फोटोची फक्त पुढची बाजू पाठवतात. मागची बाजू मागितली की उत्तर येतं, ‘मागे काहीच नाही, कोरं आहे.’ अहो, कोरं असलं तरी तेच बघायचंय! संस्थेचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, चिकटवलेल्या मजकुराचा कागद, छापखान्यासाठी मारलेल्या खुणा, यातलं जे काही असतं ते मागेच असतं. आणि यातलं काही नसलं तरी कागद असतोच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फोटो टिपल्याचं वर्ष आणि प्रिंट काढल्याचं वर्ष एकच समजणं. निगेटिव्ह 1936 ची आणि प्रिंट परवाची, असं सर्रास असतं. फोटो टिपल्यावर थोड्याच काळात, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली ती व्हिंटेज प्रिंट. बाकीच्या नंतरच्या. नंतरची प्रिंट घेण्यात काही कमीपणा नाही, पण तिला व्हिंटेजचे पैसे का मोजायचे?

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’, म्हणजे मुलांसोबत बसलेल्या एका मजूर आईचा फोटो, बहुतेकांनी पाहिलेला असतो. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी. लँग तेव्हा अमेरिकी सरकारच्या नोकरीत होत्या, त्यामुळे निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आहे आणि तिची प्रत कोणीही मागवू शकतं. या फोटोत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. लँग यांना तो खुपायचा. 1939 मध्ये त्यांनी तो निगेटिव्हवरच पुसून घेतला. नंतरच्या प्रिंटमध्ये निरखून पाहिलं तर त्या जागी धुरकट सावली दिसते.

आमच्या ओळखीतल्या एका उत्साही गृहस्थांनी ही अंगठ्याची गोष्ट कुठेतरी वाचली आणि तेवढ्या भांडवलावर खरेदीला निघाले. अंगठा दिसला, म्हणजे 1939 च्या आधीची प्रिंट, झालं! पैसे देऊन, फ्रेम करूनच माझ्याकडे घेऊन आले. फ्रेम उघडायला तयार नव्हते, मी हट्टाने उघडायला लावली. पाठीवरून बोट फिरवलं तर ती प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत. असा प्लॅस्टिकचा थर असलेला कागद 1970 च्या आसपास रुळला. मग खोलीत अंधार करून यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला, तर अख्खा कागद निळसर पांढरा झगमगला. गृहस्थ म्हणाले, ‘तुमचा टॉर्चच बिघडला असेल.’ पुसण्याआधीची एक प्रिंटही लायब्ररीत जपलेली आहे आणि तिच्याही प्रती मिळतात, एवढं आधी शोधलं असतं तर भागलं असतं. पण घाईला कोण आवरणार?

त्या झगमगाटाचं कारण साधं आहे. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून 1950 च्या दशकापासून फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं घालायला लागले आणि ती यूव्हीखाली उजळतात. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन 1940 मध्ये गेले. त्यांनी स्वतः काढलेल्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंट 1990 च्या दशकाच्या अखेरीस अशाच उजळल्या आणि मोठी खळबळ उडाली. मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. ती रसायनं नसलेला कागद नंतरही मिळत होता, त्यामुळे प्रिंट उजळली नाही म्हणून ती जुनी ठरत नाही. मी आधी फ्रेम काढते, मग पाठ, मग कडा, मग टॉर्च. चित्राकडे सगळ्यात शेवटी बघते, कारण चित्र चांगलं असलं की डोकं चालत नाही.

दुसरी चूक, विकणाऱ्याने सांगितलेली पार्श्वभूमी जशीच्या तशी गिळणं. ‘मायग्रंट मदर’बद्दलच सांगतात की त्यातल्या बाईने पोरांच्या पोटासाठी गाडीचे टायर विकले होते. हे लँग यांनी 1960 मध्ये, म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनी लिहिलं. त्यांनी बाईचं नावही विचारलं नव्हतं. ती बाई, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, 1978 मध्ये जगासमोर आली. तिच्या मुलाचं म्हणणं, टायर विकायचा प्रश्नच नव्हता, होते तेवढे गाडीलाच होते. थॉम्पसन चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या वंशाच्या होत्या, हेही फोटोच्या मूळ मजकुरात नाही. तिथे फक्त वाटाणे तोडणारे निर्धन मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक फोटोला तीन रकाने असतात: त्या वेळी लिहिलेला मजकूर, छायाचित्रकार नंतर काय म्हणाला, आणि फोटोतली माणसं काय म्हणाली. तिसरा रकाना बहुधा रिकामाच राहतो. तो ऐकीव गोष्टींनी भरायचा मोह होतो, पण मी भरत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मासिकातलं किंवा पुस्तकातलं छापील पान आहे, डार्करूममधली प्रिंट नाही. नुसत्या सहीवर भाळू नका, नंतरच्या प्रिंटवरही खरी सही असू शकते. मागे बॉलपेनने नाव घालू नका, दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन करणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

आणि काळ्या भागात, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चमक दिसली तर ती बुरशी समजून ओल्या फडक्याने पुसू नका. कागदातली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते, तिची ती चमक. जुन्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटवर, म्हणजे जिलेटिनच्या थरातल्या चांदीने चित्र उमटलेल्या कृष्णधवल प्रिंटवर, ती बऱ्याचदा दिसते. सराईत गिऱ्हाईक उलट तीच शोधत असतं, आणि पुसलेली प्रिंट त्याला दुरूनच कळते.