जुन्या मिनीला नवी चाके निवडताना

बदल केलेल्या जुन्या ब्रिटिश मिनी मोटारीसाठी चाके निवडताना सर्वप्रथम स्टडच्या (ज्यांवर चाक नटांनी आवळले जाते त्या आटेदार खुंट्यांच्या) वर्तुळाचा व्यास, म्हणजेच पीसीडी, तपासावा. मिनीच्या चार स्टडचे हे वर्तुळ १०१.६ मिलिमीटरचे असते, तर बाजारात सहज मिळणारी कित्येक चाके १०० मिलिमीटरची असतात. फरक इतका थोडा असल्यामुळे चाक ओढूनताणून बसतेही, परंतु नट आपल्या उतरत्या बैठकीत नीट न बसता एका कडेवर टेकतो आणि धावत्या गाडीत चाक सैल होण्याचा धोका राहतो. ही तडजोड कृपया कधीही करू नये.

ब्रेक बदललेले असल्यास चाकाचा व्यासही पाहावा. १९८४ पासून मिनीला आलेल्या ८.४ इंची ब्रेक डिस्कसाठी १२ इंची चाके लागतात. मूळची, आणि माझ्या मते अधिक शोभणारी, १० इंची चाके ठेवायची असतील तर मिनीच्याच कूपर एस या वेगवान आवृत्तीची ७.५ इंची डिस्क वापरावी.

टायर चढवण्यापूर्वी कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागावर, मुलांच्या खेळातल्या मातीचा छोटा गोळा चिकटवून रिकामी रिम बसवावी आणि हाताने सावकाश फिरवावी. दबून उरलेल्या मातीची जाडी म्हणजेच तेथील मोकळी जागा. टायर चढवल्यावर मात्र चार माणसे बसवून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, तो मडगार्डला कोठे घासतो का ते पाहावे.