जबड्याच्या एक्स-रेवरून हाडांचे संशोधन : पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

ओरल मेडिसीन अँड रेडिओलॉजी या शाखेत एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) करून पुढे अध्यापन आणि संशोधनातच राहू इच्छिणाऱ्यांना ‘ओपीजी आणि हाडांची ठिसूळता’ हा विषय, म्हणजे जबड्याचे हाड एक्स-रेवर मोजून शरीरातील हाडे ठिसूळ झाली आहेत का याचा अंदाज घेणे, सोपा वाटतो, कारण ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, महाविद्यालयात रोजच निघत असतो आणि त्यावर मोजमापे घेण्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. सांगली, मिरज आणि कराड या पट्ट्यात दंत महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये एकमेकांपासून फार दूर नसल्यामुळे या कामाला परिस्थितीही अनुकूल आहे. तरीही या विषयावरचे अनेक प्रबंध परीक्षा झाल्यावर ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. याला बहुधा यंत्रांचा अभाव कारणीभूत नसतो. पहिला एक्स-रे मोजायला घेण्यापूर्वीच जे निर्णय सैलपणे घेतलेले असतात, ते पुढे दुरुस्त करता येत नाहीत.

तुलना नेमकी कशाशी?

सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिलेली ऑस्टिओपोरोसिसची (हाडांच्या ठिसूळपणाची) व्याख्या, म्हणजे उणे २.५ किंवा त्याहून कमी टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तींच्या हाडांच्या घनतेशी तुलना करून काढलेला आकडा), ही डेक्सा, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीसाठी आहे. आपल्याकडे औषध कंपन्यांच्या मदतीने होणाऱ्या मोफत शिबिरांत टाचेची अल्ट्रासाउंड तपासणी होते आणि तिच्या चिठ्ठीवरही ‘टी-स्कोअर’ असेच छापलेले असते. हे आकडे विनासायास मिळतात म्हणून विद्यार्थी ते तुलनेचा आधार म्हणून वापरतात. टाचेच्या तपासणीला डेक्साचा निकष लावता येत नाही, ही गोष्ट परीक्षक पहिल्या वाचनातच पकडतो आणि मग उरलेल्या प्रबंधाला आधारच राहत नाही. डेक्साची सोय होत नसेल, तर विषय बदलावा. दोन निरीक्षकांच्या वाचनातील एकवाक्यता हाही एक प्रामाणिक विषय आहे.

डेक्सा मिळाल्यावरही दोन पथ्ये पाळावी लागतात. पाळी चालू असलेल्या महिलांसाठी टी-स्कोअरऐवजी झेड-स्कोअर (समवयस्कांशी तुलना करणारा आकडा) पाहायचा असतो. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे होणाऱ्या ऑस्टिओमलेशियातही (हाडे मऊ पडण्याच्या विकारातही) हाडांची घनता कमीच दिसते आणि केवळ डेक्साच्या आकड्यावरून हे दोन विकार वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणूनच अस्थिरोगतज्ज्ञाला सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहितानाच सहमार्गदर्शक म्हणून घ्यावे, शेवटी सहीपुरते नव्हे.

मोजताना होणाऱ्या चुका

खालच्या जबड्याच्या खालच्या कडेला स्पर्शरेषा काढायची, तिच्यावर मेंटल फोरॅमेनच्या (हनुवटीजवळ जबड्याच्या हाडात असलेल्या छिद्राच्या) मध्यातून लंब टाकायचा आणि त्या लंबावर कॉर्टेक्सची (हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराची) जाडी मोजायची, ही पद्धत पुस्तकात दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात फोरॅमेन धूसर असतो, किंवा हायॉइड या गळ्यातील हाडाची सावली नेमकी त्याच जागी पडलेली असते. अशा प्रतिमा वगळण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा, कारण निकाल पाहून प्रतिमा गाळू लागलो की अभ्यास तिथेच संपतो. ओपीजीत प्रतिमा मूळ हाडापेक्षा मोठी दिसते आणि हे प्रमाण यंत्रागणिक बदलते. त्यामुळे दोन ठिकाणच्या यंत्रांवरचे मिलिमीटर दुरुस्तीविना एकत्र करू नयेत. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रतिमा तर मोजण्यासाठी मुळीच वापरू नये : ती दाबून लहान केलेली असते आणि मापनाचे प्रमाण हरवलेले असते. यंत्रातून निघालेली मूळ डायकॉम फाइलच मागून घ्यावी आणि तिच्यावरचे रुग्णाचे नाव काढून सांकेतिक क्रमांक द्यावा.

क्लेमेट्टी या संशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेले वर्गीकरण डोळ्यांनी करायचे असते. कॉर्टेक्सची आतली कडा स्वच्छ व सलग असली तर सी-१, तिच्यावर अर्धचंद्राकार खाचा पडलेल्या असल्या तर सी-२ आणि कॉर्टेक्स स्पष्टपणे सच्छिद्र झाले असेल तर सी-३. सी-१ आणि सी-३ बद्दल फारसा वाद होत नाही. भांडण सी-२ वर होते. म्हणून वाचणाऱ्याला रुग्णाचे वय आणि डेक्साचा निकाल माहीत नसावा, काही आठवड्यांनी त्याच प्रतिमा क्रम बदलून पुन्हा वाचाव्यात आणि दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्रपणे वाचाव्यात. हे श्रेणीबद्ध वर्ग असल्यामुळे भारित कॅपा (‘वेटेड कॅपा’ हा एकवाक्यतेचा आकडा) काढावा. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) वापरणाऱ्यांनी त्यातील करड्या छटांचे आकडे हाउन्सफिल्ड एकक (सीटी स्कॅनमधील घनतेचे माप) समजून घनतेचे निष्कर्ष काढू नयेत.

केसपेपरवर जे लिहिलेले नसते

आपल्या भागातील वयस्कर महिलांच्या आधार कार्डावर जन्मतारीख पुष्कळदा १ जानेवारी किंवा १ जून अशी अंदाजे घातलेली असते, आणि या संशोधनात वय हाच सर्वांत प्रबळ घटक असतो. पाटण-कराडकडच्या आजींना “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?” असे विचारले, की १९६७ हे वर्ष धरून वयाचा बरा अंदाज येतो. पाळी कधी गेली, हे थोरल्या मुलीच्या लग्नाच्या किंवा पहिल्या नातवंडाच्या संदर्भाने सांगितले जाते. तसेच नोंदवावे आणि मग वर्ष काढावे.

मिश्रीची नोंद तर हमखास राहून जाते. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला रोज मिश्री लावणारी बाईही नाही म्हणते, कारण तिच्या मते ती तंबाखू खात नाही. दातांभोवतीचे हाड झिजण्यात मिश्री आणि हिरड्यांचा आजार यांचा वाटा असू शकतो; तो वेगळा न काढता सगळी झीज ठिसूळपणाच्या नावावर टाकणे चुकीचे आहे. स्टेरॉइड आणि ॲलेंड्रोनेटसारख्या (हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या) औषधांचीही स्वतंत्र चौकशी करावी, शक्यतो औषधाची पाकिटे आणायला सांगून.

टक्केवारीचा मोह

ऑस्टिओडेंट या युरोपीय प्रकल्पाच्या कामातून कॉर्टेक्सची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास महिलेला पुढील तपासणीसाठी पाठवावे, अशी मर्यादा पुढे आली. ती सांगलीच्या रुग्णांवर जशीच्या तशी लावण्यापूर्वी येथे तपासून पाहणे, हाच खरे तर चांगला प्रबंध होऊ शकतो. मात्र एका बाजूला निदान झालेल्या वृद्ध महिला आणि दुसऱ्या बाजूला पंचविशीतल्या विद्यार्थिनी असे दोन गट घेतले, तर कोणतीही कसोटी उत्तमच ठरते. बाह्यरुग्ण विभागात पाळी गेलेल्या महिला ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने घ्याव्यात. समजा कसोटीची संवेदनशीलता (विकार असलेल्यांना ओळखण्याचे प्रमाण) ८० टक्के आणि विशिष्टता (विकार नसलेल्यांना तसेच ठरवण्याचे प्रमाण) ७० टक्के आहे. एक हजारात २०० जणींना विकार असेल, तर ४०० जणी पुढे पाठवल्या जातील आणि त्यांतल्या १६० खऱ्या निघतील. विकार ५० जणींनाच असेल, तर पाठवलेल्या ३२५ पैकी फक्त ४० खऱ्या निघतील. हे गणित चर्चेच्या प्रकरणात मांडणारे प्रबंध विरळाच.

परवानगी आणि प्रकाशन

संशोधनासाठी म्हणून वेगळा ओपीजी काढू नये; उपचारासाठी काढलेल्याच प्रतिमा वापराव्यात. नैतिक समितीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीची असावी लागते, मागची तारीख चालत नाही. बढतीच्या गुणांसाठी एकाच माहितीचे तीन तुकडे करून तीन लेख छापण्याची घाई पुढे निवड समितीसमोर अडचणीची ठरते. यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली आहे. तेव्हा दोन-चार दिवसांत स्वीकृती देऊन लगेच पैसे मागणाऱ्या ठिकाणी लेख पाठवण्यापूर्वी तेथील संपादक मंडळातील दोघांना ईमेल करून त्यांचे नाव खरोखरच त्यांच्या संमतीने छापले आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.