छोट्या कॉलेजात व्याख्याता बोलवायचा तर

अकोले तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. व्याख्यानांचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. आमची मुलं राजूर, कोतूळ, समशेरपूर, शेंडी या बाजूंनी एसटीने येतात. पुण्या-नाशिकच्या मोठ्या कॉलेजांत सारखं कुणी ना कुणी नामवंत येत असतं. आमच्याकडे वर्षाकाठी मोजकीच व्याख्यानं होतात. त्यातलं एकही नुसतं फोटो काढण्यापुरतं होऊ नये, यासाठी माझा जीव तुटतो. ज्यांच्या अंगावर हे काम नव्याने आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पाहुणा ठरवताना पहिला प्रश्न बहुतेक असा येतो, ‘कुणी मोठं नाव मिळेल का?’ मी आधी वेगळा प्रश्न विचारते: आपल्या मुलांना आत्ता कशाची माहिती हवी आहे? एस. वाय.च्या मुलींच्या डोक्यात पुढच्या वर्षीच्या लग्नाची बोलणी असतात, मुलांच्या डोक्यात पोलीस भरती असते. त्यांना दहा पावलं पुढे गेलेला माणूस दिसतो, पण तिथे पोचायची वाट दिसत नाही. दोन पावलं पुढे गेलेला माणूस आणला, तर वाटही दिसते. म्हणून माझ्या यादीत माजी विद्यार्थी सगळ्यात वर असतात.

आमची एक माजी विद्यार्थिनी नाशिकच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिला बोलावलं तेव्हा तिने भाषण लिहून आणलं नव्हतं, ड्युटीची वही आणली होती. रात्रपाळीत कुणाला किती वाजता कोणतं इंजेक्शन द्यायचं, ते त्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं. वही बाकांवरून फिरली. मग तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “ताई, हॉस्टेलला राहायचं म्हटल्यावर घरचे तयार कसे झाले?” तिने सगळं सांगितलं: आधी आईला पटवलं, मग मामाला, आणि मामाने वडिलांना. फीचे पैसे कुठून उभे राहिले, तेही रुपयांत सांगितलं. त्या दिवशी हॉलमध्ये मोबाईल बाहेर निघाले नाहीत.

ज्यांना व्यासपीठाची सवय नाही, त्यांना माईकसमोर एकटं उभं करू नका. त्यांची मुलाखत घ्या. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, वाढवलं, वाटलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा माणसाचं खरं बोलणं त्यांच्या कामाच्या जागी होतं. जमत असेल तर पाहुण्यांना कॉलेजात आणण्यापेक्षा मुलांनाच तिकडे न्या. कॉलेजातच कार्यक्रम करायचा असेल, तर टेबलावर हारतुऱ्यांऐवजी बियाणं, अवजार, हिशेबाची वही असं काहीतरी ठेवा. हातात वस्तू आली की बोलणं आपोआप सुरू होतं.

एका प्रकारच्या वक्त्यांना मी बोलावत नाही आणि याबाबत मी ठाम आहे. आईबापांच्या कष्टांचं वर्णन करून, पाठीमागे संगीत लावून मुलींना हुंदके देत रडवायचं आणि शेवटी कधी घरच्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची, हा प्रकार अलीकडे फार वाढला आहे. आमच्या मुली घरचे कष्ट रोज बघतात. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, चिखलात त्या स्वतः उभ्या असतात. त्यांना अपराधी वाटायला लावून काय मिळतं? वक्ता ठरवण्याआधी त्याचं एखादं पूर्ण व्याख्यान ऐका, नुसती दोन मिनिटांची क्लिप नको.

बाहेरगावचा वक्ता हवा असेल तर दोन सोप्या वाटा आहेत. पहिली विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची, म्हणजे वर्गाबाहेर लोकांपर्यंत शिक्षण पोचवणाऱ्या विभागाची. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. बाबासाहेब जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला या मंडळातर्फे कॉलेजांमधून होते. व्याख्यात्यांची यादी मिळते आणि खर्चालाही हातभार लागतो. प्रस्ताव मात्र वेळेत गेला पाहिजे. दुसरी वाट कमी लोक वापरतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि आज महाराष्ट्रात बऱ्याच गावांत कुठली ना कुठली व्याख्यानमाला चालते. ती संध्याकाळी असते, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ वक्त्याकडे बऱ्याचदा मोकळी असते. शेजारच्या गावातल्या संयोजकांशी ओळख ठेवा. आदल्या रात्री जवळपास मुक्कामाला आलेला वक्ता सकाळी दहाला तुमच्याकडे येऊ शकतो. प्रवासखर्चही वाटून घेता येतो.

तारीख ठरवताना दिनविशेषाच्या फार मागे लागू नका. १२ जानेवारीला युवा दिन आणि जिजाऊ जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. या दिवशी बरे वक्ते चार-चार ठिकाणी अडकलेले असतात आणि घाईत बोलून निघतात. आठवडाभर मागेपुढे केलंत तर तोच माणूस तुम्हाला दोन तास निवांत देईल. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आवणीमुळे हजेरी पातळ असते, ऑक्टोबरपासून परीक्षांचे वेध लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ. वेळ सकाळचीच ठेवा. दुपारची एसटी चुकली की मुलीला घरी पोचायला रात्र होते आणि पुढच्या कार्यक्रमाला तिला कुणी थांबू देत नाही.

पहिल्याच फोनवर सगळं स्पष्ट सांगा. ‘सर, मार्गदर्शन करायला या’ एवढंच सांगितलं, तर समोरचा नेहमीचं भाषण घेऊन येतो. मी साधारण असं बोलते: “मॅडम, समोर कला आणि वाणिज्य शाखेची सत्तर-ऐंशी मुलं असतील. बरीच जण घरातली कॉलेजला आलेली पहिलीच आहेत. तुम्ही पहिली नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केलात, त्या दोन वर्षांबद्दल बोलावं अशी विनंती आहे. पाऊण तास बोलणं, पाऊण तास प्रश्न. मानधन आम्हाला एवढंच देता येईल, प्रवासखर्च वेगळा.” आकडा आपणच आधी सांगावा. पैशांचं बोलायचा संकोच समोरच्यावर टाकू नये. गावातल्याच माणसाला मानधन कशाला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आपला शेतकरी किंवा माजी विद्यार्थी दिवसाचा रोज बुडवून येतो. व्हाउचर आधीच भरून ठेवा. रोख रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. पाहुणे निघताना कार्यालयात तिकिटाची शोधाशोध नको.

आता मुलांची तयारी. व्याख्यानाच्या आठवडाभर आधी वर्गात पाहुण्यांबद्दल दहा मिनिटं बोला आणि ग्रंथालयाबाहेर एक खोकं ठेवा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे, नाव लिहायचं नाही. माझ्या अनुभवात हे खोकं साऱ्या कार्यक्रमाचं मर्म आहे. उभं राहून मुलं ‘आपले प्रेरणास्थान कोण?’ असं विचारतात. चिठ्ठीवर तीच मुलं लिहितात: इंग्रजी येत नाही तर मुलाखतीत काय करायचं? तीन वेळा नापास झाल्यावर वय निघून जातं का? शहरात खोली भाड्याने घेताना जात विचारतात का? या चिठ्ठ्या आदल्या दिवशी पाहुण्यांना वाचून दाखवा. चांगला वक्ता त्या ऐकून आपलं बोलणं बदलतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्रत्यक्ष दिवशी औपचारिक भाग पंधरा मिनिटांत उरका. प्रतिमापूजन, स्वागत, परिचय, बस्स. शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्या. प्रास्ताविकात कॉलेजचा इतिहास नको. अध्यक्षीय भाषण ठेवावंच लागलं तर संस्थेच्या मंडळींशी आधीच नम्रपणे पाच मिनिटांचं ठरवून घ्या; चहाच्या वेळी त्यांच्याशी पाहुण्यांचं निवांत बोलणं होईल असं सांगितलं की ते सहसा मान देतात. परिचय विद्यार्थ्याने करावा, तोही इंटरनेटवरून उतरवलेला नको. त्याने आदल्या दिवशी पाहुण्यांना फोन करून तीन गोष्टी विचारायच्या आणि त्याच सांगायच्या. माईकचे सेल नवे घाला. मुलं साठच असतील तर मोठा हॉल घेऊ नका, वर्गखोलीत दाटीवाटीने बसलेली मुलं जास्त बोलती होतात. आणि मुलींना मागच्या बाकांवर ढकलू नका. खोली उभी विभागा, म्हणजे दोन्हीकडची पुढची जागा वाटली जाते.

प्रश्नोत्तरांत चिठ्ठ्या तुम्ही वाचा. सुरुवातीच्या चार-पाच चिठ्ठ्यांनंतर हात आपोआप वर येतात.

कार्यक्रम संपला की पाहुण्यांना थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेण्याची पद्धत आहे. तिथेच छोट्या कॉलेजचा सगळ्यात मोठा फायदा हातचा जातो. मोठ्या सभागृहातल्या मुलाला वक्ता लांबूनच दिसतो. आपल्याकडे तो त्याच्या शेजारी बसून पोहे खाऊ शकतो. चहा-पोहे व्हरांड्यात मुलांसोबतच ठेवा, अर्धा तास राखून ठेवा आणि आपण प्राध्यापकांनी जरा लांब उभं राहावं. ज्यांनी चिठ्ठीसुद्धा टाकली नसते, ती मुलं इथे येऊन बोलतात. पाहुण्यांनी आपणहून नंबर दिला तर ठीक, नाहीतर मुलांचे पुढचे प्रश्न आपल्यामार्फत पाठवा.

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी अहवाल, हजेरीपत्रक, फोटो हे लागतंच, ते त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांकडून अर्धं पान लिहून घ्या: काय पटलं, काय पटलं नाही, आता काय करून बघणार. त्यातली पाच-सहा पानं आभारपत्रासोबत पाहुण्यांना पाठवा. शेवटी एक जाड रजिस्टर घाला. कोण आलं, कशावर बोललं, कुठल्या चिठ्ठ्यांना उत्तर मिळालं नाही, हे त्यात तारखेनिशी लिहा. उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्यांवरून पुढचा वक्ता शोधा, आणि काम दुसऱ्याकडे गेलं की रजिस्टर त्याच्या हातात द्या.