घरात लिथियम बॅटरी बसवण्यापूर्वी करावयाची आगीविषयीची तयारी

छतावरील सौर पॅनेलच्या जोडीला किंवा जुन्या इन्व्हर्टरच्या ॲसिड बॅटरीच्या जागी लिथियम बॅटरी घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा क्षमतेची आणि किमतीची होते. बॅटरी कोठे लावायची हे मात्र बसवायला येणाऱ्या वायरमनच्या सोयीवर सोडले जाते. हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बॅटरी नेमकी कोणत्या भिंतीवर बसेल आणि तिने पेट घेतल्यास घरातील माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

जागा निवडताना आधी नको त्या जागा वगळाव्यात. आपल्या बंगल्यांत इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवण्याची जुनी पद्धत आहे. परंतु वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना उतरायला तोच एक जिना असतो, त्यामुळे लिथियम बॅटरीसाठी ती जागा सर्वांत वाईट समजावी. ब्रिटनमध्ये 2024 साली प्रसिद्ध झालेले ‘पीएएस 63100’ हे घरगुती बॅटऱ्यांच्या अग्निसुरक्षेचे मानक माळा, जिन्याखालची जागा आणि सुटकेचा मार्ग येथे बॅटरी बसवू नये असे सांगते, तर अमेरिकेतील ‘एनएफपीए 855’ हे मानक झोपण्याच्या खोलीत तिला परवानगी देत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मुख्य दाराजवळचा पॅसेज टाळावा, आणि ड्राय बाल्कनीत गॅसचा सिलिंडर असेल तर तीही टाळावी. बाहेरच्या बाजूची, विटांची किंवा काँक्रीटची, दारे-खिडक्यांपासून दूर असलेली आणि वर पक्के छप्पर असलेली भिंत मिळाली तर तीच घ्यावी. मग चार मीटर केबल जास्त लागली तरी हरकत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; त्यांपैकी एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झाले की तो स्वतःच तापत जातो, शेजारच्या सेलला तापवतो आणि ज्वाळा दिसण्यापूर्वीच हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड व इतर ज्वलनशील, विषारी वायू बाहेर टाकू लागतो. बंद खोलीत हे वायू साठले तर स्फोट होऊ शकतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात एप्रिल 2019 मध्ये एका मोठ्या बॅटरी केंद्राचे दार उघडल्यानंतर काही वेळात असाच स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. ते केंद्र घरगुती बॅटरीच्या कित्येक पट मोठे होते, पण वायूचे वागणे तेच असते. आपल्याकडे घरांसाठी आता प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या मिळतात. त्या उष्णतेला अधिक टिकतात, हे खरे आहे; त्या पेटूच शकत नाहीत, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर मात्र विश्वास ठेवू नये.

हवामानाचाही विचार आधीच करावा. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आणि सुरक्षितता दोन्ही घटवणे होय. जुलै 2021 च्या पुरात चिपळूण आणि महाड येथे तळमजले बुडाले. अशा गावांत बॅटरी आठवणीतल्या पुररेषेच्या वरच बसवावी, कारण पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी पाणी ओसरल्यावरही पेटू शकते.

यानंतर जोडणीकडे वळावे, कारण दोष बॅटरीबाहेरही असू शकतो. साधारण पाच युनिट साठवणारी बॅटरी 51.2 व्होल्टची असते आणि तिच्याकडून पाच किलोवॅट भार घेतला तर केबलमधून सुमारे 100 अँपिअर प्रवाह वाहतो. केबलच्या टोकाचा लग (जोडणीसाठीचा धातूचा तुकडा) नीट दाबलेला नसेल आणि त्या सांध्यात अवघा दोन मिलिओहम रोध असेल, तरी तेथे 20 वॅट उष्णता सतत तयार होत राहते व हळूहळू इन्सुलेशन जळते. म्हणून टर्मिनल कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्यावेत, फ्यूज व ब्रेकर डीसी प्रवाहासाठी बनवलेले आहेत याची खात्री करावी आणि अर्थिंग मोजून घ्यावे. जुना इन्व्हर्टर कायम ठेवणार असाल तर त्यात लिथियमसाठी चार्जिंगची वेगळी सेटिंग आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. ॲसिड बॅटरीसाठीचे इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग, चालू राहता कामा नये.

खरेदीच्या वेळी ‘आयईसी 62619’ या लिथियम बॅटरीच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र आणि एका सेलची आग दुसऱ्यात पसरते का हे तपासणाऱ्या ‘यूएल 9540ए’ चाचणीचा अहवाल मागावा. जुन्या वाहनांतील सेल जोडून स्थानिक पातळीवर बनवलेली बॅटरी कितीही स्वस्त असली तरी राहत्या घरात आणू नये. बिल आणि अनुक्रमांक जपून ठेवावा. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये एलजीच्या काही घरगुती बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवण्यात आल्या आणि ऑगस्ट 2021 मध्ये ती यादी वाढवण्यात आली; अशी सूचना निघाली तर आपली बॅटरी त्यात आहे की नाही, हे अनुक्रमांकावरूनच कळते.

बॅटरी चालू होण्याच्या दिवशीच तिच्याजवळ आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर धुराचे अलार्म लावावेत. एक अलार्म वाजला की सर्व वाजतील असे मिळाले तर अधिक चांगले. बॅटरी फुगली, फुसफुस किंवा टकटक असा आवाज आला, अनोळखी गोडसर वास आला अथवा पांढरा धूर दिसला, तर जवळ जाऊन पाहू नये, झाकण उघडू नये; वाटेत असेल तरच मेन स्विच बंद करावा, आजी-आजोबा व मुलांना घेऊन बाहेर पडावे आणि 101 किंवा 112 वर फोन करावा. फोनवर लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल असल्याचे स्पष्ट सांगावे, कारण ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असते. पावडरचा अग्निशामक शेजारी लागलेली छोटी आग विझवील, पण आतून तापलेल्या सेलना तो थंड करू शकत नाही. त्यासाठी भरपूर पाणी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. आग विझल्यावरही काही तासांनी, कधी काही दिवसांनी, ती पुन्हा भडकू शकते, म्हणून जळालेली बॅटरी घरात ठेवू नये.

बिघडलेली किंवा फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने नेणार, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे.