बटण दबतं, पण गेम ऐकत नाही: जुन्या कंट्रोलरची दुरुस्ती

जुन्या कन्सोलचा कंट्रोलर बिघडला की बहुतेक जण थेट नवा शोधायला लागतात. खरं तर आतलं सर्किट सहसा ठणठणीत असतं. झिजलेलं असतं ते बटणाखालचं रबर, कॉर्डच्या आतली एखादी तार, नाहीतर अ‍ॅनालॉग दांड्याखालचं (अंगठ्यानं सगळीकडे फिरवायच्या छोट्या दांड्याखालचं) प्लॅस्टिक. यातलं नेमकं काय गेलंय हे ओळखलं की अर्धं काम झालं, म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी लक्षणं नीट बघा.

आधी निदान

कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला लावून पाहा, आणि त्याच पोर्टला दुसरा कंट्रोलर लावून पाहा. दोष कन्सोलच्या सॉकेटमध्ये असेल तर तो इथेच कळतो.

मग कोणती बटणं गेली आहेत ते टिपून ठेवा, कारण प्रत्येक कंट्रोलरची बोलायची पद्धत वेगळी आहे. निन्टेन्डोच्या एनईएस कंट्रोलरमध्ये आठ बटणं आहेत, पण तारा फक्त पाच. आतली ४०२१ नावाची चिप आठही बटणांची स्थिती एकामागोमाग एक अशी एकाच तारेवरून पाठवते. त्यामुळे एखादंच बटण मेलं असेल तर कॉर्डवर संशय घेऊ नका, दोष त्या बटणापाशीच आहे. सगळीच बटणं एकदम गप्प झाली, तर मात्र आधी कॉर्ड तपासा.

अटारी २६०० च्या जॉयस्टिकमध्ये चिप नाही. चार दिशांना चार तारा, फायरला एक आणि एक सामाईक. तिथे एकच दिशा गेली तरी तार तुटलेली असू शकते. सेगा मेगा ड्राइव्ह या दोघांच्या मधला. त्यात ए आणि बी एका तारेवर, सी आणि स्टार्ट दुसऱ्या तारेवर. सी आणि स्टार्ट जोडीनं बंद पडली, तर रबर घासत बसू नका, तार शोधा.

उघडताना

कंट्रोलर कन्सोलपासून काढा. बहुतेक कंट्रोलरना साधा फुलीचा छोटा स्क्रूड्रायव्हर चालतो. निन्टेन्डोच्या गेमक्यूबला मात्र तीन पात्यांचा लागतो. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारंच टोक वापरा, खाच एकदा गोल झाली की स्क्रू काढणं वैताग होतं. मागची बाजू उचलण्याआधी कंट्रोलर पालथा धरा, नाहीतर बटणं घरभर पळतील. उघडल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः कॉर्ड आत कोणत्या खुंट्यांभोवती वळवली आहे त्याचा.

रबर आणि बोर्ड

रबराच्या प्रत्येक घुमटाखाली कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबलं की ती बोर्डावरच्या दोन पट्ट्या जोडते. रबर आणि बटणं कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. बोर्डाला पाणी नको. तिथे कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हातानं पुसा. बोर्डावरच्या काळ्या पट्ट्या मळ नाहीत, तोही कार्बनचाच थर आहे. त्यावर सँडपेपर किंवा ब्लेड चालवलं की तो कायमचा गेला.

स्वच्छ करूनही बटण अडत असेल तर एक सोपी चाचणी करा. बोर्ड उघडा ठेवून कंट्रोलर कन्सोलला लावा आणि त्या बटणाच्या दोन पट्ट्या धातूच्या चिमट्यानं क्षणभर जोडा. बटणही हेच करतं, त्यामुळे बिघडत काही नाही. फक्त चिमटा शेजारच्या भागांना लागू देऊ नका. गेमनं ऐकलं तर दोष रबराचा, नाही ऐकलं तर पट्टीचा किंवा पुढच्या जोडणीचा.

मल्टिमीटर (विजेची मापं घेणारं छोटं यंत्र) असेल तर कार्बनच्या टिकलीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा आणि स्टार्टच्या टिकलीशी तुलना करा. स्टार्ट सगळ्यात कमी दाबलं जातं, त्यामुळे त्याची टिकली बरीचशी नव्यासारखी असते. ‘ए’ची टिकली तिच्या कितीतरी पट रोध दाखवत असेल, तर ती संपली.

टिकलीवर ६बी, म्हणजे मऊ आणि गडद शिशाची पेन्सिल घासली की बटण पुन्हा चालतं, पण तो ग्रॅफाइट लवकरच उडतो. कार्बनचा वीजवाहक रंग जास्त टिकतो. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण फॉइलची कड बोर्डावरचा कार्बन खरवडते. लोकप्रिय कंट्रोलरचे नवे रबर पॅड स्वतंत्र मिळतात, तेच बसवावेत.

प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरमध्ये रबराखाली पातळ लवचीक फिल्म असते. तिचं टोक स्पंजच्या दाबानं बोर्डाला टेकलेलं असतं. वर्षांनुवर्षं दबून स्पंज चपटा होतो आणि बटणं मधूनच सुटतात किंवा आपोआप दबतात. तिथे स्पंज बदला किंवा त्याखाली टेपचे एक-दोन थर द्या.

कॉर्ड

तार बहुधा कॉर्ड कंट्रोलरमध्ये शिरते तिथेच, वाकून वाकून तुटते. मल्टिमीटर बीपवर ठेवून (जोडणी अखंड असेल तर तो वाजतो) प्लगची प्रत्येक पिन बोर्डापर्यंत तपासा आणि तपासताना कॉर्ड हलवत राहा. तुटलेला भाग कापून उरलेल्या तारा पुन्हा बोर्डावर डाख द्या. कॉर्डच बदलणार असाल तर तारांच्या रंगांवर विसंबू नका, रंग उत्पादकागणिक बदलतात. कोणती पिन कुठे जाते ते आधी कागदावर लिहून घ्या. अल्कोहोलनं पुसलेला बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न जवळ नेऊ नका, अल्कोहोल ज्वालाग्राही आहे.

अ‍ॅनालॉग दांडा

निन्टेन्डो ६४ चा दांडा ही वेगळीच कथा. दांड्याचं खालचं टोक प्लॅस्टिकच्या वाटीत, उखळातल्या मुसळासारखं घासत राहतं. उघडल्यावर दिसणारी पांढरी पूड म्हणजे हीच झीज. हालचाल मोजणाऱ्या चकत्यांना भोकं असतात आणि प्रकाशाचा सेन्सर ती मोजतो. तो भाग क्वचितच बिघडतो. ढिलेपणा येतो तो वाटी आणि गिअर झिजल्यामुळे. नवा असताना दांडा प्रत्येक बाजूला साधारण ८० पर्यंत आकडा देतो, झिजला की तो घसरतो आणि गेममधला माणूस धावायचा तिथे चालायला लागतो. दांड्याचा सगळा भाग स्क्रू आणि छोट्या प्लगवर बसवलेला असल्यामुळे डाख न देता निघतो. नवी वाटी आणि गिअर मिळाले तर मूळ सेन्सर ठेवून तेवढेच बदला. गेमक्यूबसारखा दिसणारा तयार दांडा बसवणं सोपं आहे, पण बरेचदा तो फार संवेदनशील असतो आणि जुन्या गेममध्ये बारीक नेम धरणं अवघड जातं.

प्लेस्टेशनच्या दांड्यात पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारे भाग, असतात. हात न लावता पात्र सरकत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेच्या जोडण्या साफ करायच्या द्रावाचा) थेंब देऊन दांडा गोल फिरवा. फरक पडला नाही तर सगळा दांडाच डाख सोडवून बदलावा लागतो.

नवाच घ्यायचा असेल तर

चिप जळली असेल किंवा बोर्ड तडकला असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. नकली कंट्रोलर घेताना आधी डी-पॅड, म्हणजे दिशांचं फुलीच्या आकाराचं बटण, तपासा. स्वस्त नकलांमध्ये वर दाबताना तिरकी दिशा लागते, आणि उड्या मारायच्या गेममध्ये त्याचा फार मनस्ताप होतो. मूळ कवच चांगलं असेल तर नकलेतला चालू बोर्ड त्यात बसतो का तेही पाहा.

नऊ पिनांचा प्लग बसला म्हणजे कंट्रोलर जुळला असं मात्र नाही. अटारी आणि मेगा ड्राइव्हचे प्लग दिसायला सारखे, पण अटारीत ५ व्होल्ट सातव्या पिनवर असतात आणि मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या. एनईएसच्या कित्येक नकलांनाही हाच नऊ पिनांचा प्लग असतो आणि त्यांची जोडणी आणखी निराळी. पिनांची रचना ताडून पाहिल्याशिवाय कन्सोल चालू करू नका.