बायोफिल्म कॉन्फोकलखाली वाढत नाही? या चुका टाळा

बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणारा जिवाणूंचा थर; कॉन्फोकल म्हणजे लेझरच्या उजेडात त्याच्या प्रतिमा घेणारा सूक्ष्मदर्शक. रात्रभर टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने आपोआप प्रतिमा) लावून घरी जावं आणि सकाळी बघावं तर स्यूडोमोनास जिवाणूंचा थर पाचव्या तासालाच थबकलेला. पहिला संशय वाढीच्या माध्यमावर, मग इनक्युबेटरवर. लेझरचं नाव कोणी घेत नाही. तो बिचारा फक्त बघतोय ना!

पण त्या उजेडानेच पेशीत ऑक्सिजनचे मारक रेणू तयार होतात. 405 नॅनोमीटरचा जांभळा लेझर तर जिवाणूंमधल्या पॉर्फिरिन या उजेड शोषणाऱ्या रेणूंना चेतवून त्यांचा जीवच घेतो. निर्जंतुकीकरणाच्या काही दिव्यांत हाच गुण वापरतात. खात्री करायची तर शेवटची प्रतिमा झाल्यावर झूम कमी करा आणि चौकटीच्या बाहेर, जिथे लेझर पडलाच नाही, तिथला थर बघा. बाहेर दाट आणि आत विरळ चौकोन दिसला, की चोर सापडला. लेझरची ताकद निम्म्यावर आणा, गेन (मिळालेला संकेत वाढवण्याची पातळी) थोडा चढवा, दर 5 मिनिटांऐवजी 20 मिनिटांनी प्रतिमा घ्या. चित्र खरखरीत येईल, येऊ दे. प्रबंधात देखणं दिसण्यापेक्षा जिवाणू जिवंत राहिलेले बरे.

दुसरी चूक रंगाची. सिटो 9 या रंगाने हिरवी ती पेशी जिवंत, प्रोपिडियम आयोडाइड या रंगाने लाल ती मेलेली, हे पाठ असतं. पण प्रोपिडियम डीएनएला चिकटतो, आणि बायोफिल्मच्या चिकट्यात पेशीबाहेरचा डीएनए भरपूर असतो. त्यामुळे धडधाकट पेशीभोवतीही लाल कडं उमटतं. लाल रंग आत आहे की काठाला, ते मोठं करून बघा. शिवाय थोडा थर खरवडून प्लेटवर वसाहती मोजा. मोजल्याशिवाय ‘80 टक्के मेले’ असं लिहू नका.

ऑइल लेन्सचा, म्हणजे काचेवर तेलाचा थेंब ठेवून वापरायच्या लेन्सचा, मोहही नडतो. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.515, पाण्याचा 1.33. पाण्यातल्या थरात खोल गेलात की प्रतिमा उभी ताणली जाते, थर आहे त्यापेक्षा जाड मोजला जातो आणि खोलवरचा भाग अंधूक होतो. तो अंधार ‘मेलेला गाभा’ म्हणून खपतो! वॉटर इमर्शन (तेलाऐवजी पाणी वापरणारी) लेन्स असेल तर तीच लावा.

फोकस सरकत असेल तर स्टेज आणि लेन्स तासभर आधी 37 अंशांवर तापवून ठेवा. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन वापरत असाल तर त्याला चमकायला ऑक्सिजन लागतो; दाट थराच्या पोटात तो मिळत नाही, म्हणून तिथला अंधार म्हणजे मेलेल्या पेशीच असं समजू नका.

आणि रंग धुताना पिपेटची धार थेट थरावर सोडू नका. डिशच्या काठावरून, थेंबाथेंबाने.