रील टाकायच्या आधी: डिस्क्लेमर कसा लिहायचा, कुठे लावायचा आणि तो कुठे कामाला येत नाही

दोन पावसाळ्यांपूर्वी मी गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून आणलेल्या अळम्यांचा, म्हणजे रानातल्या खाण्याच्या मशरूमचा व्हिडिओ टाकला होता, दीड मिनिटाचा, साफ कशी करायची आणि खोबरं घालून सुकं कसं करायचं एवढंच. अळमी विकत घेतलेली, पानात बांधून दिलेली, पण बोलता बोलता मी म्हणून गेले की आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वारुळावर उगवते, बघा तुमच्याकडेपण मिळेल. आठवड्याने कोल्हापूरकडच्या एका ताईंचा मेसेज आला. मुलाने बांधावरची कसलीतरी छत्री काढून आणली, घरात तिघांना उलट्या, रात्रभर सलाईन. सगळे बरे झाले आणि त्यांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही, फक्त लिहिलं, "एक ओळ सांगायला हवी होती हो."

ती इशाऱ्याची एक ओळ, म्हणजे डिस्क्लेमर, कशी लिहायची ते मी तेव्हापासून शिकतेय, आणि गोव्यात चवथीच्या माटोळीपासून (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) होमस्टेपर्यंत व्हिडिओ करणारी एवढी मुलंमुली आहेत की सगळ्यांना हे माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं.

आधी कागद घ्या, मग डिस्क्लेमर लिहा

बहुतेकजण दुसऱ्याच्या चॅनेलवरून चार ओळी उचलतात आणि डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवतात. त्यात हमखास "कॉपीराइट ॲक्ट १९७६, सेक्शन १०७" असतं, तो अमेरिकेचा कायदा आहे! आपला कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ टीका, समीक्षा, ताज्या घडामोडींची बातमी असल्या कामांसाठी दुसऱ्याच्या गोष्टीचा वाजवी वापर करू देतं. पण रीलखाली कुणाचं अख्खं गाणं लावून "कॉपीराइट भंगाचा हेतू नाही" लिहिलं म्हणून ते वाजवी होत नाही, परवानगी घ्या नाहीतर ॲपच्या लायब्ररीतलं लावा, आणि धंद्याचं अकाउंट असेल तर ते गाणं जाहिरातीला चालतं का तेपण बघा.

म्हणून पहिली पायरी ही की आपण काय काय बनवतो ते कागदावर लिहायचं आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, माझं ऐकून कुणी तसंच केलं तर त्याचं काय बिघडेल? तब्येत, पैसा, की कुणाचं नाव? माझ्या कागदावर रानभाज्या, घरगुती औषधं, हॉटेलं आणि धबधबे निघाले, तुमच्यावर वेगळं निघेल. जिथे काहीच बिघडत नाही, समजा घुमट (मातीचं वाद्य) वाजवून केलेल्या आरतीचा व्हिडिओ, तिथे उगाच डिस्क्लेमर लावू नका, सगळीकडे लावला की लोक कुठेच वाचत नाहीत.

फुकट मिळालं तरी सांगायचं

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. मला एका रिसॉर्टने दोन रात्री फुकट ठेवलं आणि वर सांगितलं की स्पॉन्सर्ड लिहू नका, नैसर्गिक वाटूदे. मी तो व्हिडिओ टाकलाच नाही. पैसे, फुकट जेवण, राहणं, भेटवस्तू, डिस्काउंट, ॲफिलिएट लिंकचं (तुमच्या लिंकवरून कुणी खरेदी केली की मिळणारं) कमिशन, कंपनी नातेवाइकाची असणं, हे सगळं सांगावंच लागतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीसाठी प्रचार करणाऱ्यालापण १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय प्रचार करायलाच एक वर्षापर्यंत आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी.

लिहायचं साधं: "जाहिरात", नाहीतर "या हॉटेलने मला दोन रात्री मोफत राहायला दिलं." गोलगोल "थँक्यू टीम" नको. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या, २०२१ च्या नियमांत वेळसुद्धा दिलीय. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल निदान ३ सेकंद दिसायला हवं, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठा असेल तर त्या ब्रँडबद्दल बोलताय तो पूर्ण भाग, आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या सूचनांप्रमाणे लाइव्हमध्ये सतत. युट्यूबचं पेड प्रमोशन आणि इन्स्टाचं पेड पार्टनरशिप हे बटण दाबाच, पण तेवढ्यावर थांबू नका, तोंडानेपण सांगा.

ओळ नेमकी लिहा

"आम्ही कशालाही जबाबदार नाही" ही ओळ कुणालाच काही सांगत नाही. धोका काय, मी कोण, तुम्ही काय करायचं, ह्या तीन गोष्टी आल्या पाहिजेत. माझी आताची अळम्यांची ओळ अशी आहे:

"ही अळमी मी ओळखीच्या विक्रेत्याकडून घेतलीय. रानातल्या विषारी छत्र्या खाण्याच्या छत्र्यांसारख्याच दिसू शकतात, व्हिडिओ बघून काढून खाऊ नका. खाल्ल्यावर त्रास झाला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा."

औषधी काढ्यांसाठी: "मी डॉक्टर नाही. हे आमच्या घरात करतात म्हणून दाखवलं, उपचार म्हणून नाही. चालू गोळ्या बंद करू नका." इथे अजून जपायला हवं, कारण ऑगस्ट २०२३ पासून केंद्र सरकारच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्टच आहे की डॉक्टर नसलेल्याने हे डॉक्टरी सल्ल्याच्या जागी नाही असं सांगावं. पण "ह्याने डायबिटीस बरा होतो" म्हणत काही विकलंत तर १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आडवा येतो, मग खाली कितीही डिस्क्लेमर असूदे.

शेअर मार्केटवाल्यांचंपण तसंच. "मी सेबी रजिस्टर्ड नाही, फक्त एज्युकेशनल" म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात अमुक शेअर अमुक भावाला घ्या, तर सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तुम्ही काय केलंत ते बघते, काय लिहिलंत ते नाही.

जिथे नजर जाते तिथे लावा

फसव्या जाहिरातींविरुद्धच्या २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे जाहिरातीत दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमर त्याच भाषेत आणि नीट दिसेल असा. बोलायचं मराठी-कोंकणीत आणि इशारा इंग्रजीत बारीक अक्षरात, हे माझ्या मते बघणाऱ्याशी खोटं वागणं आहे, माझ्या आईला तो वाचता येत नाही. हॅशटॅगच्या गर्दीत किंवा "मोर" दाबल्यावर दिसेल असा लावू नका. मी धोक्याची ओळ ज्या सेकंदाला धोक्याची गोष्ट दिसते त्याच सेकंदाला बोलते आणि स्क्रीनवरपण टाकते, कारण कुणी रील कापून पुढे पाठवली तरी ती ओळ बरोबर जाते.

जिथे ओळ वाचवत नाही

२०२२ च्या त्याच नियमांत एक गोष्ट सरळ लिहिलीय, डिस्क्लेमरने मूळ दावा उलटा फिरवायचा नाही आणि फसवा दावा दुरुस्तपण करायचा नाही. म्हणजे वर "शंभर टक्के रिझल्ट" आणि खाली "रिझल्ट वेगळे असू शकतात" चालत नाही, वरचं वाक्यच बदला.

एखाद्या शॅकवाल्याबद्दल (किनाऱ्यावरच्या खाणावळीचा मालक) "हा शिळं नुस्तें विकतो", म्हणजे शिळे मासे विकतो, असं पुराव्याशिवाय म्हणून पुढे "माझं वैयक्तिक मत" जोडलं तरी ते मत होत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी गुन्हा आहे. "मला दिलेल्या माशाला वास येत होता" हे स्वतःचं झालेलं सांगा, तेवढंच. पैसे लावायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात तर २०२५ च्या कायद्याने बंदच आहे, "जबाबदारीने खेळा" लिहूनसुद्धा करायची नाही. पावसात धबधब्यावर जायला बंदी असताना रील करून "स्टंट करू नका" लिहिण्यातपण अर्थ नाही, ती रीलच लोकांना तिथे घेऊन जाते.

आणि वस्तू किंवा कोर्स विकत असाल तर "सर्व वाद फक्त पणजी न्यायालयात" ह्या ओळीवर विसंबू नका, ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

पुरावा ठेवा

प्रचार करणाऱ्याने दाव्याची खरीखुरी खातरजमा केली असेल तर त्याला फसव्या जाहिरातीचा तो दंड लागत नाही, हे २०१९ च्या कायद्यातच आहे. म्हणून ब्रँडकडून दाव्याचा पुरावा लेखी मागा, रिपोर्ट, लायसन्स जे असेल ते, आणि वस्तू स्वतः वापरून बघा. करारात एक वाक्य घाला की दावे खरे असण्याची जबाबदारी कंपनीची आणि जाहिरात आहे हे मी सांगणारच. मोठा पैसा असेल तर तो कागद वकिलाला दाखवा.

मी प्रत्येक कोलॅबचं, म्हणजे ब्रँडबरोबर केलेल्या कामाचं, एक फोल्डर ठेवते, त्यात चॅट, बिल, मूळ व्हिडिओ आणि टाकल्याच्या दिवशीचा स्क्रीनशॉट. आणि सहा महिन्यांनी जुने व्हिडिओ परत बघते. अळम्यांचा तो व्हिडिओ मी काढून टाकला आणि नवीन केला, आता पहिल्या तीन सेकंदांत तीच ओळ आहे, त्या ताईंना आधी पाठवून विचारलं होतं की समजतंय का.